दीडशे रुपयांचं कासव

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. सबमिशनचे दिवस होते. जर्नल अपुरं, ड्रॉईंगच्या दोन शीट बाकी आणि रात्री साडेअकराला कुणीतरी दार वाजवलं. वाटलं, 'दादा, शीट द्या ना' म्हणणारं गिऱ्हाईक आलं. दार उघडलं तर फर्स्ट इयरचा एक पोरगा. हातात प्लॅस्टिकचा पारदर्शक डबा, झाकणाला भोकं पाडलेली. आत दोन बोटं पाणी, तीन-चार रंगीत गोटे, नारळाचं एक प्लॅस्टिकचं झाड आणि त्या झाडाखाली पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा जरा मोठं, हिरवंगार, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं कासव.

"दादा, तुम्ही पहिले कासव पाळलं होतं म्हणे. हे काय खातं?"

मी आधी त्याला आत ओढलं आणि दार लावलं. आपल्या रेक्टर सरांना इस्त्री आणि शेगडी चालत नाही, तिथं कासव कुठून चालणार!

"कुठून आणलास बे?"

"अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातून. एकशे ऐंशीला. दुकानवाला म्हणला, एवढंच राहतं, मोठं होत नाही. काही करावं पण लागत नाही."

मला हसू आलं नाही. हीच दोन वाक्यं मीही ऐकली होती, अकरावीत. फक्त तेव्हा भाव दीडशे होता.

मित्रहो, माझं गाव वसमत तालुक्यात. अकरावी-बारावीला मी वसमतला रूम करून राहत होतो. वर्गातल्या एकानं फिश टँक आणला होता, त्याच्यावर ताण म्हणून मी कासव आणलं. नाव ठेवलं टिल्लू. घरमालकीण काकूंनी दिलेल्या एका जुन्या घमेल्यात पाणी घातलं, मधे एक वीट ठेवली आणि घमेलं खिडकीत ठेवलं. खिडकीला काच होती. सकाळचं ऊन काचेतून थेट टिल्लूच्या पाठीवर पडायचं. मला वाटायचं, वा! कासवाला ऊन लागतं, आपण ऊन दिलं, झालं की काम.

आता मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षात आहे म्हणून नाही, पण त्या काचेतच सगळी मेख होती हे मला फार उशिरा कळलं. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी 'यूव्ही-बी' म्हणून जो भाग असतो, साधारण २९० ते ३२० नॅनोमीटरचा, तो खिडकीची साधी काच जवळपास सगळा अडवते. उजेड येतो, ऊब येते, पण तो भाग येत नाही. आणि कासवाच्या अंगात 'ड' जीवनसत्त्व तयार व्हायला नेमका तोच लागतो. ते नसेल तर पोटात गेलेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. कॅल्शियम नाही तर कवच नाही. म्हणजे माझा टिल्लू रोज दोन तास उन्हात बसून अंधारात राहत होता!

खायला काय घालत होतो, तेही सांगून टाकतो. दुकानातून आणलेली सुक्या झिंग्यांची डबी होती. ती संपली की चपातीचा तुकडा, मुरमुरे, कधी बिस्किट. खायचा बिचारा. भूक लागल्यावर कोण खाणार नाही? आपण मेसची भाजी खातोच की. थंडी सुरू झाली तसं त्याचं खाणं कमी झालं. डिसेंबरात आपल्याकडं रात्री किती गार पडतं ते सगळ्यांना माहीत आहे. सरपटणाऱ्या प्राण्याला आपली स्वतःची भट्टी नसते, बाहेर जेवढं तापमान तेवढंच आत. पाणी गार पडलं की पोटातलं अन्नसुद्धा पचत नाही. मला वाटलं, रुसला असेल.

जानेवारीत त्याचे डोळे सुजले. पाठ बोटानं दाबली तर कवच दबलं. कवच दबतं? मी पुन्हा दाबून पाहिलं. दबलं.

गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर भले माणूस. बाहेर दोन म्हशी आणि एक बैल रांगेत, त्यांच्यामधे मी घमेलं घेऊन उभा. त्यांनी टिल्लूला तळहातावर घेतलं, उलटं केलं, सरळ केलं आणि स्पष्ट सांगितलं, "बाळ, मला गुरं कळतात, हे नाही कळत. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं घेऊन जा."

वसमतहून परभणी म्हणजे एस.टी.नं फार तर तास-दीड तास. मी गेलो नाही.

का गेलो नाही, हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. प्रॅक्टिकल तोंडावर आली होती, हे मी सगळ्यांना सांगितलेलं कारण. खरं कारण असं की मी मनात हिशोब केला. जाण्या-येण्याचं भाडं, औषध, एक दिवस खाडा. आणि कासव दीडशेचं. दीडशेच्या कासवासाठी कुठं परभणी! मी हिशोबात पक्का होतो. पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी टिल्लू विटेवर मान बाहेर टाकून पडलेला होता. घरमालकीण काकूंनी त्याला परसातल्या लिंबाखाली पुरलं. मी फिजिक्सचं जर्नल सर्टिफाय करून घ्यायला कॉलेजला गेलो होतो. घरी फोनवर सांगितलं, थंडीनं मेला.

असो. तर तो फर्स्ट इयरचा पोरगा माझ्या कॉटवर डबा घेऊन बसला होता. औंढा तालुक्यातला, दुधाळ्याच्या जवळचा. म्हणजे जिथं लायगोची वेधशाळा होणार आहे, तिथला. गुरुत्वीय लहरी मोजायला चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, २०२३ च्या मे महिन्यात पायाभरणी, हे सगळं त्याला तोंडपाठ. त्यानं कासवाचं नाव लायगो ठेवलं होतं. प्रकाशाच्या वेगानं येणाऱ्या लहरींचं नाव कासवाला! मी म्हणालो, ठीक आहे, मोजमापाची एवढी हौस आहे तर बस, मोजू.

पहिलं माप. हे कासव अमेरिकेतलं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. आज ते चार सेंटीमीटर आहे. मादी निघाली तर पंचवीस ते तीस सेंटीमीटर होते, म्हणजे आपल्या मेसच्या ताटाएवढी. नर असेल तर थोडा लहान. 'एवढंच राहतं' हे साफ खोटं. एवढंच राहिलं तर समजायचं की ते उपाशी आहे नाहीतर आजारी आहे.

दुसरं माप. दर एक इंच कवचाला दहा गॅलन पाणी, असा पाळणाऱ्यांचा एक ढोबळ नियम आहे. दहा इंचांच्या कासवाला शंभर गॅलन. म्हणजे जवळपास ३८० लिटर. ३८० लिटर म्हणजे ३८० किलो, वर काचेचं वजन वेगळं. "हे कुठं ठेवणार? तुझ्या कॉटखाली?" पोरगा स्ट्रक्चरकडं, म्हणजे छताकडं, बघायला लागला.

तिसरं माप काळाचं. नीट ठेवलं तर हे कासव वीस-तीस वर्षं सहज जगतं. "तू आता अठराचा. हे मरेपर्यंत तुझं लग्न होईल, पोरं होतील आणि पोरं इंजिनिअरिंगला लागून त्यांच्या के.टी. राहतील." त्यावर तो पहिल्यांदा हसला.

मग दिवा. खोलीत ठेवायचं तर यूव्ही-बीचा वेगळा दिवा लागतो, तो कासवाच्या किमतीच्या कितीतरी पट. त्यातही गंमत अशी की सहा महिने-वर्षभरात त्याच्यातला यूव्ही-बी कमी होतो, पण उजेड तसाच दिसत राहतो. म्हणजे दिवा चालू आहे असं आपल्याला वाटतं आणि कासवासाठी तो विझलेला असतो. शेजारी अंग शेकायला उबदार, कोरडी जागा, पाण्याला फिल्टर. हे प्राणी पाण्यातच खातात आणि पाण्यातच घाण करतात, त्यामुळे पाण्याचा वास काय येतो ते टिल्लूच्या वेळी माझ्या रूम पार्टनरनं सांगितलं होतं, शब्द इथं छापण्यासारखे नाहीत.

आणि हात. कासवाला हात लावला की साबणानं हात धुवायचे, मेसच्या ताटाला लावायच्या आधी. साल्मोनेला नावाचे जंतू यांच्या अंगावर असतात, त्यांना काही होत नाही, आपल्याला जुलाब-ताप होतो. लहान पोरं तर ही चिमुकली कासवं सरळ तोंडात घालायची. म्हणून अमेरिकेत, ज्या देशातलं हे कासव त्याच देशात, चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला १९७५ पासून बंदी आहे. आणि आपल्याकडं नेमकी तीच विकली जातात.

रात्रीचा एक वाजला. पोरग्यानं विचारलं, "मग दादा, नवख्या माणसानं पहिलं घ्यावं तरी काय? कासव नको तर इग्वाना? बॉल पायथन?"

यूट्यूबची कृपा. इग्वाना पाच-साडेपाच फुटांचा होतो, बारा महिने ऊब आणि दमट हवा मागतो. आपल्या हिंगोलीच्या मे महिन्यात दमट हवा! बॉल पायथन उंदीर खातो, मेसमधे अजून उंदरांची भाजी सुरू झालेली नाही. शिवाय हे दोन्ही प्राणी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइटीस करारातल्या यादीत आहेत. २०२४ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे असा प्राणी घरात असेल तर परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. पिल्लं झाली, दुसऱ्याला दिला, मेला, सगळं कळवावं लागतं. परीक्षेचा फॉर्म वेळेवर न भरणारी आपली जमात, त्यामुळे पुढं बोलायलाच नको.

"मग आपल्याकडचं घ्यावं. चांदणीचं कासव, मांडूळ..."

इथं मात्र मी त्याला थांबवलं. चांदणी कासव दिसायला फार देखणं, म्हणूनच त्याची चोरटी विक्री चालते. २०१९ मधे त्याला साइटीसच्या सर्वात कडक यादीत टाकलं. आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीतला प्राणी जवळ सापडला तर तीन ते सात वर्षं आत, आणि दंड वेगळा. घोरपडही त्याच अनुसूचीत. सिंहगडाच्या गोष्टीतली यशवंती आज कुणी पाळली असती तर वन खात्यानं आधी तिला सोडवलं असतं. आणि मांडूळ! आमच्या भागात मांडूळ म्हटलं की म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांचे डोळे चमकतात. दुतोंड्या, गुप्तधन दाखवतो, अमुक वजनाचा असेल तर कोटीला जातो. पकडलेल्या टोळ्यांच्या बातम्या पेपरात येतात, कोटी मिळालेल्याची एकही बातमी आलेली नाही. त्याला दोन तोंडं नसतात, शेपूट बोथट असते एवढंच. बिनविषारी आहे, भुसभुशीत मातीत राहतो, उंदीर खातो. हळदीच्या वावरात तो असला तर शेतकऱ्याचं भलंच आहे, पण ते वावरात असल्यावर, डब्यात नाही.

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की पंचाईत काय आहे. जे आपल्या मातीत जगू शकतं ते पाळता येत नाही. आणि जे पाळता येतं ते आपल्या मातीत सोडता येत नाही. लाल पट्ट्याचं हे कासव दुकानात उघड मिळतं ते नवख्यांसाठी सोपं म्हणून नाही. ते इथलं नाही, म्हणून आपल्या वन्यजीव कायद्याच्या यादीत नाही, एवढंच त्याचं क्वालिफिकेशन.

आमच्या शेतातल्या विहिरीत एक कासव आहे. माझ्या जन्माच्या आधीपासूनचं, असं आबा सांगतात. मऊ कवचाचं, मागच्या पायांवर झडपा असलेलं. पूर्वी लोक विहिरीत कासव सोडायचे, पाणी साफ ठेवतं म्हणून. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की ते गाळात घुसतं आणि महिना-महिना दिसत नाही. पाऊस पडून पाणी भरलं की एक दिवस नाक वर काढतं. आबा कधी त्याला 'आपलं कासव' म्हणाले नाहीत. 'विहिरीतलं कासव' म्हणतात. त्याला कधी खायला टाकलं नाही, बाहेर काढलं नाही. एकदा मी लहानपणी पोहरा टाकून त्याला काढायला लागलो तर आबांनी पाठीत धपाटा घातला, "काऊन रे? त्यानं तुला घरातून काढलं का कधी?" हेही कासव कायद्यानं पहिल्या अनुसूचीत आहे. आबांना अनुसूची माहीत नाही.

त्या रात्री पोरग्याचा पुढचा प्रश्न मला आधीच माहीत होता. "मग दादा, सुट्टीत सिद्धेश्वर धरणात सोडून देतो. मोकळं होईल."

टिल्लूच्या वेळी हाच विचार माझ्याही मनात येऊन गेला होता, आमच्या विहिरीत सोडायचा. बरं झालं, आळस केला. ही कासवं चिवट असतात. उन्हात बसायच्या जागा आणि खाणं यावरून इथल्या कासवांना हटवतात, रोगही नेतात. गुवाहाटीत एका देवळाच्या तळ्यात ती सापडली आहेत, म्हणजे कुणीतरी पुण्य म्हणून किंवा कंटाळा म्हणून सोडलेलीच. युरोपनं १९९७ मधेच त्यांची आयात बंद केली. मी म्हणालो, "दुकानदाराला परत दे, तर तो उद्या दुसऱ्याला दोनशेला विकेल. धरणात सोडायचं नाही. हॉस्टेलमधे राहणार नाही. आता तूच सांग."

तो बराच वेळ गप्प बसला. मग त्यानं माझ्या ड्रॉईंग शीटच्या मागच्या बाजूला (हो, माझ्याच!) आकडे मांडायला सुरुवात केली. लांबी, पाणी, वर्षं. दुसऱ्या दिवशी त्यानं घरी फोन लावला. वडील आधी म्हणाले, "दे सोडून नदीत." मग म्हणाले, "आम्ही शिकायला पाठवलं का कासवं घ्यायला?" चौथ्या फोनला विचारलं, "किती मोठं होतंय म्हणलास?"

त्यांच्या शेतात गुरांचा एक जुना सिमेंटचा हौद रिकामा होता. बैल विकल्यापासून त्यात पाणी नव्हतं. आतून पाच फूट बाय तीन, खोली दोन फूट. त्यानं भराभर गुणाकार केला, दीड फूट पाणी धरलं तरी सहाशे लिटरच्या वर. माझी ३८० ची अट तिथंच पास. प्रश्न राहिला पळून जाण्याचा आणि मांजरा-मुंगसांचा. वर्कशॉपच्या मामांनी लोखंडी अँगल वेल्ड करून जाळीचं झाकण बनवून दिलं. 'जॉब' म्हणून नाही, चहावर. बिजागऱ्या त्यांनी स्वतःच्या खिशातून आणल्या, आणि "पोरांनो, जाळी बारीक घ्या, पिल्लू आहे अजून," हे सुचलं ते त्यांनाच, आम्हा दोन इंजिनिअरांना नाही.

पहिला हिवाळा पिल्लाला बाहेर ठेवायचं नाही असं ठरलं. घरात टब, दुपारी अंगणात, काच मधे न घेता खरं ऊन, टबाचा निम्मा भाग सावलीत. उथळ टब भर उन्हात ठेवला तर पाणीच तापून कासव शिजतं, हे मी त्याला तीनदा सांगितलं. खायला गोळ्यांचं खाद्य, गांडूळ, मोठं झालं की जास्त पाला. चपाती नाही. बिस्किट नाही.

शनिवारी तो डबा मांडीवर घेऊन एस.टी.त बसला. कंडक्टरनं विचारलं म्हणे, "याचं हाफ तिकीट काढायचं का?" रविवारी फोन आला, पोहोचलं.

दर महिन्याच्या एक तारखेला तो मला फोटो पाठवतो, कासवाशेजारी स्टीलची पट्टी ठेवून. चार पूर्णांक एक. चार पूर्णांक सहा. पाच पूर्णांक तीन. मी फोटो मोठा करून आधी डोळे बघतो, मग कवच. एकदा दोन तारीख उलटली तरी फोटो आला नाही, तर मी प्रॅक्टिकल सुरू असताना बाहेर येऊन त्याला फोन लावला. नेट नव्हतं, बाकी काही नाही.

मागच्या आठवड्यात त्याच्या वडिलांचाच फोन आला. आम्ही कधी बोललो नव्हतो.

"इंजिनिअर साहेब, ते कासव आता हौदात टाकलंय. इटंवर बसून ऊन खातंय. पण एप्रिल आला, पाणी लई तापायलंय. किती तापू द्यायचं?"

"तिशीच्या वर जाऊ देऊ नका, काका. थर्मामीटर आहे का?"

"लेकरानं बांधून ठिवलाय दोरीला. आता तेहतीस दावतोय."

"मग निम्म्या हौदावर सावली करा. आणि पाणी वाढवा."

"पळाट्याचं छप्पर टाकतो," ते म्हणाले. "थांबा, फोन ठिऊ नका, आत्ताच टाकतो." आणि फोन तसाच चालू ठेवून ते गेले. पळाट्या ओढल्याचा आवाज मला ऐकू येत होता.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी